विश्लेषण : घटनेत न लिहिलेला अधिकार अमेरिकी सुप्रीम कोर्टाला मिळाला कसा? सरन्यायाधीश जॉन मार्शल यांची गोष्ट

अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, कुणीतरी कोर्टात गेले आणि न्यायाधीशांनी तो आदेश थांबवला, अशा बातम्या आपल्या मोबाइलवर सतत येत असतात. संसदेने केलेला कायदाही तिथले सुप्रीम कोर्ट रद्द करू शकते. पण अमेरिकेची राज्यघटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, तरी कोर्टाला हा अधिकार देणारे वाक्य त्यात सापडत नाही. भारताच्या घटनाकारांनी अनुच्छेद १३ मध्ये स्पष्ट लिहून ठेवले की, मूलभूत हक्कांना बाधा आणणारा कायदा त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरेल. अमेरिकेत तशी सोय नव्हती. तिथे हा अधिकार १८०३ मध्ये एका निकालपत्रातून पक्का झाला आणि ते लिहिणाऱ्या न्यायाधीशाला स्वतःला कायद्याचे औपचारिक शिक्षण जेमतेम काही आठवड्यांचे होते. त्या न्यायाधीशाचे नाव जॉन मार्शल. अमेरिकी कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ज्या संकल्पना शिकवल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा या एका माणसाच्या आयुष्यात भेटतात.

कोण होते जॉन मार्शल?

जन्म २४ सप्टेंबर १७५५, व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या वस्तीत, लाकडी ओंडक्यांच्या घरात. १५ भावंडांत जॉन थोरले. वडील थॉमस मार्शल जमीनमोजणीचे काम करायचे आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी त्यांची चांगली ओळख होती. शाळा फारशी झालीच नाही. मात्र वडिलांनी इंग्लिश कायद्यावरचा ब्लॅकस्टोन यांचा प्रसिद्ध ग्रंथ मागवला होता, तो घरात होता.

स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि विशीतले जॉन सैन्यात गेले. १७७७-७८ चा व्हॅली फोर्जचा कुप्रसिद्ध हिवाळा त्यांनी वॉशिंग्टन यांच्या छावणीत काढला. अन्न नाही, बूट नाहीत, रोगराई. १३ राज्ये आपापल्या तोऱ्यात, आणि मध्यवर्ती काँग्रेसकडे सैन्याला पोसायलाही पैसे नाहीत. (तिकडे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद.) केंद्र दुबळे असले की काय होते, हे मार्शल यांनी पुस्तकात वाचायच्या आधी उपाशीपोटी पाहिले होते. पुढे त्यांनी दिलेल्या निकालांचा कल कुठून आला, ते इथे दिसते.

१७८० मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात जॉर्ज वाइथ यांच्या व्याख्यानांना ते थोडे दिवस बसले. त्या वेळच्या वहीत कायद्याच्या टिपणांशेजारी पॉली अँब्लर या मुलीचे नाव गिरवलेले आहे. त्याच वर्षी वकिलीची सनद मिळाली, १७८३ मध्ये पॉलीशी लग्न झाले.

इतक्या कमी शिक्षणावर वकिली कशी जमली? त्या काळी वकील असेच घडायचे, हे एक कारण. दुसरे म्हणजे अमेरिकेने इंग्लंडचे राज्य नाकारले तरी इंग्लंडचा ‘कॉमन लॉ’ ठेवून घेतला होता. कॉमन लॉ म्हणजे संसदेने लिहिलेला नव्हे, तर न्यायाधीशांच्या जुन्या निकालांतून शतकानुशतके साचत गेलेला कायदा. आधीच्या खटल्यात जे ठरले, तेच तशाच पुढच्या खटल्यात लागू. यालाच पूर्वदाखला म्हणतात. आपल्याकडेही वकील जुने निकाल शोधत असतात, ते याच परंपरेमुळे. नव्या देशात पूर्वदाखले मोजके होते. त्यामुळे पाठांतरापेक्षा मुद्दा सोडवून मांडण्याची हातोटी जास्त कामाची होती, आणि ती मार्शल यांच्याकडे भरपूर होती.

सरन्यायाधीशपद कुणालाच नको होते?

जवळजवळ तसेच. व्हर्जिनियाचे आमदार, फ्रान्सला गेलेले दूत, काँग्रेसचे सदस्य, मग अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचे परराष्ट्रमंत्री, असा मार्शल यांचा प्रवास झाला. १८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स हरले आणि थॉमस जेफरसन यांचा पक्ष जिंकला. नेमके त्याच सुमारास सरन्यायाधीशपद रिकामे झाले. अ‍ॅडम्स यांनी आधी जॉन जे यांना विचारले. ते देशाचे पहिले सरन्यायाधीश होते आणि गव्हर्नर होण्यासाठी त्यांनी ते पद सोडले होते. त्यांनी नकार दिला, कारण या कोर्टाला ना वजन आहे ना प्रतिष्ठा, असे त्यांचे मत होते. मग अ‍ॅडम्स यांनी समोर बसलेल्या मार्शल यांचेच नाव पाठवले. ४ फेब्रुवारी १८०१ रोजी ते सरन्यायाधीश झाले आणि महिनाभर परराष्ट्रमंत्रीही राहिले. आज ऐकायला विचित्र वाटते, तेव्हा चालून गेले.

कोर्टाची अवस्था खरोखर दीनवाणी होती. नवी राजधानी वॉशिंग्टन आखताना अध्यक्षांचे निवासस्थान आले, संसदभवन आले, कोर्टाची इमारत विसरली गेली. न्यायाधीश संसदभवनातल्या एका खोलीत बसायचे. स्वतःची इमारत मिळायला १९३५ साल उजाडले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण भारतीय वाचकाचा गोंधळ नेहमी इथेच होतो. आपल्याकडे तालुका कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच शिडी आहे. अमेरिकेत दोन शिड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत. प्रत्येक राज्याचे स्वतःचे कायदे आणि स्वतःची कोर्टे, ज्यांचे राज्यात सर्वोच्च कोर्टही असते. त्याशिवाय केंद्राची म्हणजे ‘फेडरल’ कोर्टे वेगळी. खून, घटस्फोट, जमिनीचे वाद बहुतांशी राज्याच्या शिडीवर चालतात. फेडरल न्यायाधीशाला अध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात, ते पद राहते. हरलेल्या अ‍ॅडम्स यांना हीच गोष्ट हेरायची होती. सरकार गेले तरी न्यायाधीश राहतात.

मध्यरात्रीच्या नेमणुका आणि न पोहोचलेली पत्रे

सत्ता जाण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवसांत अ‍ॅडम्स यांच्या पक्षाने नवी न्यायाधीशपदे निर्माण केली आणि आपली माणसे बसवली. त्यांत राजधानीच्या परिसरातले ४२ ‘जस्टिस ऑफ द पीस’ होते, म्हणजे किरकोळ तंटे सोडवणारे स्थानिक दंडाधिकारी. मुदत पाच वर्षे. ३ मार्च १८०१ च्या रात्री नियुक्तीपत्रांवर सह्या झाल्या आणि परराष्ट्रमंत्री या नात्याने मार्शल यांनी त्यांवर सरकारी शिक्का मारला. पत्रे पोहोचवायला माणसे कमी पडली. मार्शल यांचे भाऊ जेम्स काही पत्रे घेऊन गेले, सगळी नेता येईनात म्हणून काही परत ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी मार्शल यांनीच जेफरसन यांना अध्यक्षपदाची शपथ दिली. दोघे दूरचे नातेवाईक, आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे.

जेफरसन यांनी उरलेली पत्रे रोखून धरली. विल्यम मार्बरी नावाच्या व्यावसायिकाचे पत्र त्यांत होते. मार्बरी आणि आणखी तिघे थेट सुप्रीम कोर्टात गेले. मागणी साधी होती : नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांना आमची पत्रे द्यायला सांगा. अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करायला लावणाऱ्या अशा आदेशाला परमादेश म्हणतात. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकांच्या बातम्यांत हा शब्द आपण वाचतो.

जेफरसन यांच्या पक्षाने उत्तर दिले ते संसदेतून. नव्या न्यायाधीशपदांचा कायदा रद्द केला आणि १८०२ मधले कोर्टाचे सत्रच होऊ दिले नाही. सुनावणी लांबली ती फेब्रुवारी १८०३ पर्यंत.

मार्शल यांच्यापुढचा पेच काय होता?

समजा, कोर्टाने पत्रे द्यायचा आदेश दिला असता. मॅडिसन यांनी तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला असता, आणि कोर्टाकडे ना पोलीस ना तिजोरी. कोर्टाचा आदेश मोडता येतो, हे सगळ्या देशाने पाहिले असते. समजा, आदेश नाकारला असता. मग कोर्ट सरकारला घाबरले, असा अर्थ निघाला असता. दोन्ही वाटा खड्ड्यात जाणाऱ्या. त्यात ज्यांच्या कार्यालयातून पत्रे निघायची राहिली, तेच न्यायासनावर. आजच्या नियमांप्रमाणे मार्शल यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते, असे म्हणणारे अभ्यासक बरेच आहेत आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

२४ फेब्रुवारी १८०३ रोजी त्यांनी निकाल दिला तो तीन प्रश्न विचारून. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला : मार्बरी यांचा पत्रावर हक्क आहे का? आहे. सही आणि शिक्का झाला तिथे नेमणूक पूर्ण झाली. दुसरा : हक्क डावलला गेला तर कायद्यात त्यावर इलाज आहे का? आहे, असलाच पाहिजे. मंत्र्याला राजकीय निर्णयात मोकळीक असते, पण कायद्याने ठरवून दिलेल्या कामात नसते. इथवर ऐकणाऱ्याला वाटले असेल, जेफरसन हरले.

तिसरा प्रश्न : हा इलाज या कोर्टाने, थेट इथे आलेल्या अर्जावर द्यायचा का? नाही.

कारण अधिकारक्षेत्र. हा शब्द कंटाळवाणा वाटतो, पण अमेरिकी कायद्यात प्रत्येक खटल्याचा पहिला प्रश्न हाच असतो : तुम्ही योग्य दारात आलात का? घटनेचा तिसरा अनुच्छेद सांगतो की, परदेशी दूत, वकिलाती अशांची प्रकरणे आणि ज्यांत एखादे राज्य पक्षकार आहे ती प्रकरणे थेट सुप्रीम कोर्टात सुरू होतील. हे मूळ अधिकारक्षेत्र. बाकी सगळे खालून अपिलात येईल. मार्बरी ना दूत, ना राज्य. ते थेट आले होते, कारण १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या कलम १३ मध्ये कोर्टाला परमादेश काढण्याची मुभा होती. मार्शल यांनी त्या कलमाचा अर्थ असा लावला की, संसदेने कोर्टाचे मूळ अधिकारक्षेत्र घटनेपेक्षा वाढवले आहे. मग कायदा एक सांगतो, घटना दुसरे सांगते, न्यायाधीशाने काय करायचे? घटना हाही कायदाच आहे आणि सर्वांत वरचा आहे. कायद्याचा अर्थ लावणे हे कोर्टाचे काम आहे. म्हणून घटनेशी विसंगत कलम कोर्टाच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आमच्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना हे पटकन कळते. दोन सूचना एकमेकींशी भिडल्या की वरच्या पातळीवरची चालते, खालची बाद होते. फक्त कोणती वरची हे ठरवणार कोण, हाच सगळा वाद होता. आणि मार्शल यांनी ते काम कोर्टाकडे घेतले.

खुबी अशी की, तात्काळ निकाल जेफरसन यांच्या बाजूने लागला. पत्रे द्यायची गरज नव्हती, त्यामुळे मोडायला आदेशच नव्हता. परमादेश काढण्याचा छोटा अधिकार कोर्टाने नाकारला आणि संसदेचा कायदा तपासण्याचा मोठा अधिकार स्वतःकडे ठेवला. यालाच न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. ही कल्पना मार्शल यांना एकट्यांना सुचली असे मात्र नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी घटना मंजुरीच्या वेळीच ती लेखातून मांडली होती आणि काही राज्यांतल्या कोर्टांनीही ती वापरली होती. मार्शल यांनी तिला देशाच्या सर्वोच्च कोर्टाचा पूर्वदाखला बनवले. कलम १३ चा त्यांनी लावलेला अर्थ ओढूनताणून होता, अशी टीका आजही होते.

मार्बरी यांना ते पद कधीच मिळाले नाही. आणि संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचे हे अस्त्र मार्शल यांनी पुन्हा एकदाही वापरले नाही. पुढच्याच आठवड्यात न्यायाधीशपदे रद्द करणारा जेफरसन यांच्या पक्षाचा कायदा याच कोर्टाने वैध ठरवला. दुसऱ्यांदा संसदेचा कायदा रद्द झाला तो १८५७ मध्ये, गुलामगिरीच्या बाजूने गेलेल्या कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉट खटल्यात.

सात माणसांचे एक तोंड

मार्शल येण्याआधी प्रत्येक न्यायाधीश आपापले मत वेगळे वाचून दाखवायचा. कोर्टाने नक्की काय ठरवले, हे वकिलांनी जुळवून घ्यायचे. मार्शल यांनी ‘कोर्टाचे एकच निकालपत्र’ ही पद्धत रुळवली. त्यासाठी सगळे न्यायाधीश सत्राच्या काळात एकाच खाणावळीत राहायचे, एकत्र जेवायचे, वाद घालायचे. पाऊस असेल तरच मदिरा घ्यायची, असा त्यांचा नियम होता म्हणे. बाहेर लख्ख ऊन असले की, आपले अधिकारक्षेत्र एवढे मोठे आहे की कुठे ना कुठे पाऊस पडतच असेल, असे मार्शल सांगायचे, अशी आख्यायिका आहे. ते गबाळे राहायचे. रिचमंडच्या बाजारात एका अनोळखी तरुणाने त्यांना हमाल समजून टर्की घरी पोहोचवायला सांगितली आणि सरन्यायाधीशांनी ती मुकाट पोहोचवली, असाही किस्सा सांगतात.

जेफरसन आणि त्यांच्यानंतरच्या अध्यक्षांनी आपल्या पक्षाचे न्यायाधीश नेमले, तेही या खाणावळीत मार्शल यांच्या मताचे होत गेले. ३४ वर्षांत कोर्टाने हजारावर निकाल दिले, त्यांतले पाचशेहून अधिक मार्शल यांच्या हातचे.

केंद्र मोठे की राज्ये?

१८१९ मधला मॅक्युलॉक विरुद्ध मेरीलँड खटला बँकेचा होता. केंद्राने राष्ट्रीय बँक काढली. मेरीलँड राज्याने तिच्या बाल्टिमोर शाखेवर कर बसवला : प्रत्येक नोटेवर मुद्रांक शुल्क, नाहीतर वर्षाला १५ हजार डॉलर. शाखेचे रोखपाल मॅक्युलॉक यांनी तो भरला नाही. घटनेत केंद्राच्या अधिकारांची यादी आहे आणि त्यात बँक हा शब्द नाही. मार्शल म्हणाले, यादीतली कामे करण्यासाठी आवश्यक आणि उचित असे कायदे करण्याची परवानगी घटनेतच आहे, तेव्हा बँक बसते. आणि कर लावण्याच्या अधिकारात संपवून टाकण्याचा अधिकार दडलेला असतो, म्हणून राज्याला केंद्राच्या संस्थेवर कर लावता येणार नाही. व्हर्जिनियात संताप उसळला, वर्तमानपत्रांत टीकालेख आले. मग खुद्द सरन्यायाधीशांनी टोपणनावाने वर्तमानपत्रांत उत्तरे लिहिली. आजच्या काळात हे फेक अकाउंट ठरले असते.

१८२४ चा गिबन्स विरुद्ध ऑग्डेन खटला वाफेच्या बोटींचा. न्यूयॉर्क राज्याने आपल्या पाण्यात बोटी चालवण्याची मक्तेदारी ठरावीक लोकांना दिली होती. न्यू जर्सीहून येणाऱ्या गिबन्स यांच्याकडे केंद्राचा परवाना होता. आंतरराज्य व्यापाराचे नियमन केंद्राकडे आहे आणि व्यापारात जलवाहतूकही येते, असे सांगून मार्शल यांनी मक्तेदारी मोडली. या ‘व्यापार कलमा’ची पुढची मजल बघा : वर्णभेद करणाऱ्या हॉटेलांना बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा सुप्रीम कोर्टात टिकला, तो याच कलमाच्या आधारे.

केंद्राकडे झुकलेल्या या न्यायाधीशाने १८३३ मध्ये मात्र ठरवले की, घटनेतली हक्कांची सनद फक्त केंद्राला बांधते, राज्यांना नाही. ते चित्र पालटू लागले यादवी युद्धानंतरच्या १४ व्या घटनादुरुस्तीने.

अधिकार कागदावर, अंमलबजावणी कुणाकडे?

मार्शल यांचे गोडवे गाणारे लेख सहसा बोटींवर थांबतात. पण ते स्वतः गुलामांचे मालक होते. हा आकडा आधी समजत होते त्यापेक्षा खूप मोठा, आयुष्यभरात शेकड्यांत होता, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले. शिकागोतल्या एका लॉ स्कूलने २०२१ मध्ये त्यांचे नाव काढून टाकले. मूळनिवासींच्या जमिनीबाबत १८२३ मध्ये त्यांनीच लिहिले होते की, त्यांना फक्त वहिवाटीचा हक्क आहे, मालकी शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेची.

आयुष्याच्या शेवटी तोच प्रश्न पुन्हा दारात आला. जॉर्जिया राज्याला चेरोकी लोकांची जमीन हवी होती. १८३१ मध्ये चेरोकी कोर्टात आले, तेव्हा ते परदेशी राष्ट्र नाही म्हणून अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर त्यांना परत पाठवले गेले. मग जॉर्जियाने, राज्याचा परवाना न घेता चेरोकी प्रदेशात राहिल्याबद्दल सॅम्युअल वॉर्सेस्टर आणि आणखी एका मिशनऱ्याला चार वर्षांची सक्तमजुरी दिली. आता दार योग्य होते. ३ मार्च १८३२ रोजी ७६ वर्षांच्या मार्शल यांनी निकाल दिला : चेरोकी हा स्वतंत्र राजकीय समाज आहे, त्यांच्या प्रदेशात जॉर्जियाचा कायदा चालत नाही, शिक्षा रद्द.

जॉर्जियाने निकाल पाळला नाही. मिशनरी तुरुंगातच राहिले आणि १८३३ मध्ये गव्हर्नरांनी माफी दिल्यावर सुटले. मार्शल यांनी निकाल दिला, आता त्यांनीच तो अंमलात आणावा, असे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन म्हणाल्याचे सर्रास सांगितले जाते. त्याला समकालीन पुरावा नाही. पण चेरोकींना वाचवायची जॅक्सन यांची इच्छा नव्हती, हे उघड होते. १८०३ मध्ये मार्शल यांनी ज्या प्रसंगाला बगल दिली होती, तोच आता समोर उभा राहिला.

पॉली १८३१ च्या नाताळात गेली होती. ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात मार्शल यांचे निधन झाले. तीन वर्षांनी सैन्याने चेरोकींना त्यांच्या घरांतून काढले आणि शेकडो मैल पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात नेले. त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसे मेली, असा अंदाज आहे.

निकाल मात्र पुस्तकात राहिला. २०२२ मध्ये ओक्लाहोमा विरुद्ध कॅस्ट्रो-ह्युएर्टा खटल्यात प्रश्न आला की, मूळनिवासी प्रदेशात बिगर-मूळनिवासी आरोपीने मूळनिवासी व्यक्तीवर केलेल्या गुन्ह्याचा खटला राज्याला चालवता येईल का. ५ विरुद्ध ४ असा निकाल राज्याच्या बाजूने गेला. बहुमताने मार्शल यांची १८३२ ची भूमिका केव्हाच मागे पडल्याचे म्हटले. विरोधात गेलेल्या चार न्यायाधीशांचे मतपत्र सुरू होते ते वॉर्सेस्टर खटल्यापासूनच.